आठवं पोतं

रुखमाबाईंची जीभ पिंपळगाव राजात नावाजलेली. ढेपेचं पोतं उघडलं की चिमूटभर तोंडात टाकायची, चावायची, थुंकायची आणि ओल आहे की बुरशी, सांगून मोकळं व्हायचं. गळ्यात बावीस वर्षांची तुळशीची माळ. माळकरणीच्या घरी कोंबड्या म्हणून गावानं दात काढले, तेव्हा बाई म्हणाल्या, "पोरगा अंडे इकते. मी खातो काय?" विषय खलास.

यंदा त्यांच्या गोविंदाच्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागल्या. पाठी उघड्या पडल्या, अंडी निम्म्यावर आली. चिखलीच्या दुकानदारानं नवा खुराक दिला. कत्तलखान्यातली उरलेली हाडं, आतडी, पिसं शिजवून, वाळवून त्यात दळलेली. कोंबडीला काय, ती उकिरड्यावर किडे टिपतेच.

पहिलं पोतं फोडलं आणि गोविंदा तोंड उघडायच्या आत बाईंनी चिमूट तोंडात टाकली.

"खारं लागते रे. कायची ढेप हाय?"

"सोयाबीनची," गोविंदा बोलून गेला.

झालं! आता खरं सांगायचं कसं? कळलं तर माय माळ उतरवेल, अन्न सोडेल, या धास्तीनं त्याला घास गोड लागेना. दर पोत्याला बाई चाखत राहिल्या आणि हा खाली मान घालून सुतळी गुंडाळत राहिला. तिकडे कोंबड्यांना मात्र नवी पिसं फुटली, अंडी वाढली.

आठव्या पोत्याला बाई खूश होत्या. "एवढा मानवला, तं गाईलेबी देतो थोडा," म्हणत टोपलं भरून गोठ्याकडे निघाल्या. गोविंदानं धावत जाऊन टोपलं धरलं.

"माय, नको! यात हाडं-मास हाय."

बाई थांबल्या. "पह्यल्या पोत्यापासून?"

"हाव." त्याला रडू फुटलं. "तू माळ उतरवशीन म्हणून भेलो."

"माळ काऊन उतरवू? न समजता गेलं, देव समजून घेईन." आवाज चढला नाही, हीच पंचाईत. "कोंबड्यायले चालू ठेव. पण गाईच्या तोंडी जाऊन राह्यलं तवा धावला तू. मायच्या तोंडी आठ डाव गेलं, उभा राहून पाह्यलं."

चूळ भरायला त्यानं पाण्याचा गडवा आणला, पुढं धरला. रुखमाबाई बाजूनं निघून गेल्या. शेडच्या टाकीखाली ओंजळ धरली आणि कोंबड्यांच्या पाण्यानं तोंड धुतलं. त्या दिवसापासून त्या मुलाच्या हातचं पाणी घेत नाहीत.