कुंदाचं कानाचं मशीन

"रोज सकाळी आधी स्वतःच्या कानाला लावून बघा, आवाज येतोय ना ते ऐका, मगच मुलीला घाला," असं विष्णुपंतांनी अंजनाला निघता निघता पुन्हा एकदा बजावलं होतं. सांगलीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत कानाची मशीनंही मिळायची. अंजनानं मान हलवली, पण मनात म्हणाली, एवढं काय त्यात, बंद पडलं तर पोरगी सांगेलच की. साताऱ्याच्या कॉलेजात बी.ए. झालेली बाई ती. मशीनबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपत्रक तिनं आष्ट्याला घरी येईपर्यंत एसटीतच वाचून काढलं होतं. शिवाय कानात बसायचा तो गुलाबी साचा कुंदाच्या कानाच्या मापाचा केलेला. तो आपल्या कानात कशाला खुपसायचा?

सांगेल म्हणायला कुंदाकडे शब्द कुठं होते, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही. एरवी सगळं यायचं. पोरीच्या अंगावर कुठं डास चावलाय, कुठल्या पायाची नखं वाढलीत, झोपेत श्वास कसा चाललाय, अंजनाचं लक्ष तिच्यावरून हलत नसे.

मशीन म्हणजे काडेपेटीहून जरा मोठी डबी. कापडी पिशवीत घालून छातीवर बांधायची, तिच्यातून निघालेली वायर कानापर्यंत. डबीच्या वरच्या अंगाला बारीक जाळी होती, आवाज तिच्यातून आत जायचा. कुंदाचा बाप हंबीरराव पलटणीत, दूर आसामकडे. त्यानं लिहिलं होतं, 'जे चांगलं असेल तेच घे, हलकं घेऊ नको.'

पहिले दिवस अंजनाला स्वप्नासारखे गेले. शेळी ओरडली की कुंदा दचकून शेळीकडं बघायची. आजी भाकरी थापायला बसली की परातीशी जाऊन उभी राहायची. एकदा पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं, तर तिनं ते उचललं आणि पुन्हा पाडलं, पुन्हा पाडलं, सकाळभर.

"वैनी, हिला आवरा," दीर नानासो म्हणाला, "न्हाईतर मलाबी एक मशीन आणाया लागंल."

"तुमाला आधीच ऐकू येत न्हाई, भाऊजी. लाइट आली, मोटार चालू करा म्हणून मगाधरनं सांगतीया," अंजना त्याच्याच बोलीत म्हणाली, आणि सगळे हसले. गौरी-गणपती झाले आणि एका दुपारी कुंदानं तिचा पदर ओढून "आय" म्हटलं. स्पष्ट नव्हतं, पण म्हटलं. सासू हरणाबाईंनी मीठमोहरी घेऊन नातीची दृष्ट काढली.

खंडेनवमीला त्या घरात हत्यारं पुजायची रीत. फौजी घराणं. सासऱ्यांची जुनी तलवार, उसाचे कोयते, कुऱ्हाड, विळे, मोटारीचा पाना, रेडिओ, सगळं घोंगडीवर मांडलं होतं. हरणाबाई म्हणाल्या, "पोरीचं मशीन बी आण गं."

"आत्याबाई, ते हत्यार नाही. औषधासारखं आहे ते."

"आसंल. पर पोर त्याच्या जिवावर लढाया लागलीया न्हवं? तिची तरवार हाय ती."

अंजनाला भरून आलं. तिनंच कुंदाच्या छातीवरनं डबी सोडवली, पिशवीतून काढली आणि तलवारीशेजारी ठेवली. हरणाबाईंनी तळहातावर हळदकुंकू कालवलं आणि प्रत्येक हत्याराला अंगठ्यानं पट्टा ओढला. डबीचं कपाळ कुठलं, याचा त्यांनी जरा विचार केला. मग वरची जाळी दिसली, तिथं चांगलं घसघशीत लावलं, वर पाणी शिंपडलं, झेंडूचं फूल ठेवलं. पुजलेलं हत्यार दसऱ्याशिवाय उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर अंजनानं डबी उचलली आणि वाळलेलं कुंकू पदराच्या टोकानं चोळून चोळून पुसलं. वरून लख्ख झाली.

त्यानंतर कुंदा ऐकेनाशी झाली.

अंजनानं सेल बदलला. नवा सेलही खराब निघाला असेल म्हणून आणखी एक घातला. वायरला कुठं पीळ बसलाय का ते बोटांनी चाचपलं, पीळ नव्हता, तरी सांगलीला जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप देऊन नवी वायर मागवली. साचा कोमट पाण्यात धुतला. चक्रीवर आवाज पुरा वाढवला. मग एक दिवस पोरीच्या मागं जाऊन तिनं पाटा धाडकन आपटला, तर कुंदानं वळून पाहिलं. जमीन हादरली होती, म्हणून पाहिलं. पण अंजनाला वाटलं, ऐकू येतंय. म्हणजे मशीन ठीक आहे. म्हणजे पोरगी मुद्दाम करते.

शेजारच्या साळूबाईनंही तेच म्हटलं. "लाडानं बिघाडलीया. हेकट हाय. बापाचं वळण हाय म्हन."

अंजना पोरीला समोर बसवायची. "म्हण, आई. म्हण." कुंदा तिच्या ओठांकडं बघत राहायची. अंजनाचा आवाज चढायचा, मग हात उठायचा. आधी दंडाला चिमटा, मग पाठीत चापट. नंतर नंतर तर डबी बांधायला घेतली की कुंदा आपणच डोळे मिटून मान खाली घालायची आणि मार यायची वाट बघायची. तरी बांधू द्यायची. एकदाही ओढून काढली नाही तिनं. सकाळ ते संध्याकाळ ती मुकी डबी छातीवर घेऊन पोर घरभर फिरायची, आणि मोठ्या माणसांची अशीच काही रीत असेल, असं समजून चालायची.

उसाची तोड सुरू झाली तेव्हा एका सकाळी अंजना तिला डबी बांधत होती. कुंदानं मान खाली घातली. अंजनाचा हात तसाच थांबला. का कोण जाणे, तिनं साचा पोरीच्या कानातून काढला आणि आपल्या कानाला दाबून धरला. दारात नानासो गड्यांना मोठमोठ्यानं हाका मारत होता. दुसऱ्या कानानं सगळं ऐकू येत होतं. या कानात काही नव्हतं. साधी खरखरसुद्धा नाही.

तिनं डबी उन्हात धरली. जाळीच्या भोकाभोकांत लाल बसलं होतं, आत घट्ट, सिमेंटासारखं.

"काय गावलं गं?" हरणाबाईंनी चुलीपासनं विचारलं.

"काही नाही, आत्याबाई. घाण गेलीय आत."

हरणाबाई उठून आल्या. डबीकडं बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडं. त्या दिवशी त्यांनी भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढल्या आणि स्वतः जेवायला बसल्याच नाहीत. अंजनानं ताट वाढून नेलं, तर म्हणाल्या, "तू पुसलंस, म्या लावलं. आपुन दोघी बी एकच. जा, पोरीला भरव."

मशीन दुरुस्तीला पुण्याला गेलं आणि बऱ्याच दिवसांनी परत आलं. ते कुंदाच्या कानाला लावलं तेव्हा सगळं घर भोवती जमलं होतं. अंजनानं चक्री हळूच फिरवली. कुंदा किंचाळली. तिच्या लेखी ती डबी मुकीच होती. आता एकदम तिच्या डोक्यात घर कोसळल्यासारखं झालं असावं. तिनं वायर उपसून फेकली आणि भिंतीशी जाऊन बसली. पुढं डबी नुसती दिसली तरी ती दोन्ही कान झाकून घ्यायची. गोडीनं करून झालं, खाऊ देऊन झालं. "आय" तर कधीच गेलं होतं.

सांगलीला अशा मुलांची राहायची शाळा आहे. विष्णुपंतच म्हणाले, "बोलायला शिकायचं वय हातचं जाईल, बाई. तुमच्याकडून ती आता मशीन घालून घेणार नाही. परक्या हातानं घेईल." त्यांनी दोष दिला नाही; दिला असता तर अंजनाला बरं वाटलं असतं.

जूनमध्ये ती कुंदाला घेऊन गेली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलगी खेळात रमली की निघा. पण आपण परत येणार आहोत, हे तिला सांगायचं कसं? उद्या, परत, सुट्टी, यातला एकही शब्द त्या पोरीपर्यंत पोचलेला नव्हता. अंजनानं बोटांनी घर काढून दाखवलं, स्वतःकडं बोट केलं, तिच्याकडं केलं. कुंदा हसली आणि झोपाळ्याकडं पळाली. तिची पाठ वळली, तशी अंजना फाटकाबाहेर पडली.

आता शाळेतून सांगतात, एवढ्यात येऊ नका, तुम्हाला बघितलं की महिनाभराचं शिकवलेलं पाण्यात जाईल. मुलगी मजेत आहे म्हणतात. पण ते सगळ्यांच्याच आयांना तसं सांगत असतील. म्हणून अंजना सांगलीकडं जाणाऱ्या प्रत्येकाला गाठते, आणि तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही एवढंच सांगेल: उभ्या उभ्या का होईना, कुंदाला बघून या. आईकडनं आलोय असं कुणाला कळू देऊ नका. नीट जेवते का, रात्री कुणाजवळ झोपते, ते विचारा. आणि फाटक वाजलं, माणसं आत आली, की ती अजून आईला शोधत त्यांच्या तोंडाकडं बघते का, की बघायचं सोडून दिलंय, तेवढं बघून या.