बोगद्यात मुकी होणारी लाइन

सर्व्हरच्या डोक्यावरचं नारळाच्या चवीच्या खाऊचं हिरवं पाकीट पेइशानने उचललं, तसा दिंगची ताडकन उठला.

"ताई, ते कशाला काढतेस? यंत्रं शहाण्यासारखी वागावीत म्हणून आपल्याकडे सगळेच ठेवतात ना!"

"आज मला ती वेड्यासारखीच वागायला हवीयत."

चाचणीसाठी नेटवर्क मुद्दाम बिघडवणं हेच पेइशानचं काम. दिंगचीचा प्रोग्राम उद्या ह्वालियन जिल्ह्यातल्या रुग्णवाहिकांमध्ये बसणार होता. धावत्या गाडीतल्या रुग्णाच्या हृदयाचा आलेख त्याने रुग्णालयाच्या पडद्यावर पोचवायचा. रस्ता डोंगरातला, बोगद्यामागून बोगदा. संपर्क तुटलाच तर प्रोग्रामने तो आपणहून जोडायचा आणि मधला आलेख भरून काढायचा.

तिने संपर्क तोडला. लगेच जुळला. पुन्हा तोडला, पुन्हा जुळला.

"मांजर आहे माझं. कुठूनही टाक, पायांवरच पडतं," दिंगची म्हणाला.

पेइशानचं समाधान होईना. मागे त्याच रस्त्याने जाताना बोगद्यात तिच्या फोनवर सिग्नल दिसत होता, पण आईचा आवाज येत नव्हता. तिथे लाइन तुटत नाही, मुकी होते.

मग तिने तसंच घडवलं. लाइन चालू ठेवली, पण पलीकडे जाणारं सगळं वाटेतच गिळून टाकलं. आलेख थिजला. वर 'जोडलेले' ही हिरवी अक्षरं मात्र खुशाल चमकत राहिली. तिने वाट मोकळी केली, तरी आलेख हलेना.

"हे काय तोडणं झालं? हा तर छळ!"

"बोगदा काय लाड करणार आहे तुझ्या मांजराचे?"

दिंगचीने थिजलेल्या आलेखावर बोट ठेवलं. "म्हणजे गाडीत माणूस तडफडतोय, आणि डॉक्टरला वाटतंय सगळं ठीक आहे." त्याने कीबोर्ड पुढे ओढला.

प्रोग्राम आता दर थोड्या वेळाने पलीकडे हाक मारू लागला. उत्तर आलं नाही, तर मुकी लाइन स्वतःच सोडून नवी जोडायची. संध्याकाळी पेइशानने पुन्हा सगळं गिळून टाकलं. 'जोडलेले' पुसलं जाऊन लाल इशारा आला. तिने वाट मोकळी केली. लाइन जुळली आणि हरवलेले ठोके डावीकडून उजवीकडे एकेक करत भरत गेले. एकही सुटला नाही.

पेइशानची मान आपोआप ताठ झाली. "जाऊ दे उद्या गाड्या."

दिंगचीने पाकीट उचललं आणि टर्रकन फोडून तिच्यापुढे धरलं.

"अरे, यंत्रावरचं कुणी खातं का? बिघडेल ना ते!"

"बिघडू दे की! आता आपलं आपण सावरतं ते."

पेइशानने मूठभर खाऊ घेतला.