वरच्या खाणीचं पाणी

तालायने चुलीवरची चहाची किटली उचलली आणि अंगणात नेऊन रिकामी केली.

“अरे मेल्या, वेड लागलं का तुला?” बुरुलकान पिठाच्या हातांनीच उठली. “आत्ता ओढ्यावरून आणलं होतं पाणी!”

“म्हणून तर.” त्याने जीपमधून पाण्याचे कॅन ओढून काढले. “आजपासून चहा याचाच. पीठसुद्धा यानंच मळ.”

ओढा म्हणजे बुरुलकानचा जीव की प्राण. त्यात कुणी थुंकलं तरी ती शिव्यांची लाखोली वाही. पाच वर्षांचा तालाय एकदा त्यात मुतला, तेव्हा तिने सणसणीत कानफटात ठेवून दिली होती. साबणाचं पाणी शंभर पावलं दूर नेऊन खड्ड्यात ओतायचं, हे तर त्याला धड बोलता येण्याआधीपासून शिकवलेलं. पुढे पोरगा शिकला, डोंगरावरच्या सोन्याच्या खाणीत पाणी तपासायला लागला. तिने पिठाचे गोळे तळून गावभर बोरसोक वाटले. आता माझं पोर ओढा राखणार, म्हणाली होती.

“काय आहे त्या पाण्यात?”

“काही नाही गं.”

“माझ्याकडे बघून सांग.”

तो कॅन रचत राहिला. “खाणीच्या विषारी गाळाचा बांध ओढ्यात पाझरतोय. कागदावर सगळं स्वच्छ आहे. खाली सही माझी आहे, आई. बोललीस तर तुरुंगात जाईन मी.”

 बुरुलकान उंबऱ्यावर बसली.

तेवढ्यात शेजारची जिबेक ओढ्यावरून आली. सातवा महिना, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या.

“तालाय आला वाटतं, मावशी! हा पोटातला बघा, आत्तापासून लाथा झाडतोय.”

“अगं, तू कशाला उचलतेस? दे इकडे.” तालायने बादल्या घेतल्या आणि एक थेंब न सांडता तिच्या दाराशी नेऊन ठेवल्या.

जिबेक कौतुकाने बघत राहिली.

“किती गुणी हो, मावशी! माझ्या बाळालाही असंच वळण लावायचंय. मला शिकवाल ना?”

बुरुलकानच्या ओठांवर शब्द आले. कुंपणापलीकडून तालाय तिच्याकडेच बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“हळू जा गं,” ती म्हणाली. “वाट निसरडी आहे.”

मग तिने कॅनचं झाकण फिरवलं आणि चहाला पाणी ठेवलं.