हाताची ऊब

“हात लावू नको! मांगं सर!”

धर्मपाल एवढ्यांदा ओरडला, की यवतमाळच्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा इकबालभाई दचकून वळला. इंदूबाईचा हात मेजावरच्या खड्यापाशी पोचलाच होता. तिनं तो मागं घेतला, पदर अंगाशी आवळला आणि भिंतीच्या कडेकडेनं ती दारापर्यंत सरकली.

बाभुळगावहून आईला बोलावणारा हाच, बरं का! “माय, काचेहून साफ खडा वाढवून राह्यलो. पाह्यले ये.” क्षारांच्या पाण्यात दोऱ्याला बांधलेला इवलासा कण त्यानं पावसाळाभर जपला. धक्का लागू दिला नाही, धूळ पडू दिली नाही. आता तो सुपारीएवढा झाला होता आणि उद्या नागपूरला जायचा होता. लाल उजेड त्यातून गेला की बाहेर पडताना रंग बदलतो का, हे तिथले सर पाहणार होते. बारीकशी चीर असली, तरी सगळं मुसळ केरात.

“मौसी, राग नका मानू,” इकबालभाई म्हणाला. “थंडीत गरम हात लागला का तडकते तो. आमीबी चिमट्यानंच धरतो.”

“राग कायचा बाप्पा?” ती दारातूनच म्हणाली.

धर्मपाल मात्र शरमेनं मेला. छप्पनच्या दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यापासून ही बाई कुणासाठी वाटेतून बाजूला झाली नव्हती. समोरून गावचा पाटील आला तरी नाही. आणि आज पोटच्या पोराच्या एका ओरडण्यानं तिचे पाय पुन्हा तसे सरकले होते. जळो ते शिक्षण, असं त्याला झालं.

त्यानं चिमट्यानं खडा उचलला. “माय, इकडं ये. धर हातात.”

“सर, येडे झाले का?” इकबालभाई पुढं धावला.

“राहू द्या. दुसरा वाढवीन.”

“नको रे, तुह्या कामाचं हाय,” ती म्हणतच होती. त्यानं तिचा तळवा उघडला आणि त्यावर खडा ठेवला.

इंदूबाई हसली. “बर्फावानी थंडगार हाय रे!”

कट्. खड्याचे दोन तुकडे झाले.

तिचं तोंड पांढरंफटक पडलं. “माह्या हातानं फुटला! माहा हातच तसा...”

“तसं नाही माय! कोनाच्याबी हातानं फुटते. माह्याबी फुटते.”

ती कुठली ऐकते! तुकडे मेजावर ठेवून ती लुगड्याला तळवा घासत राहिली.

“हे पाह्य,” म्हणत धर्मपालनं तिच्या हातानं आधीच कोमट झालेला मोठा तुकडा आपल्या मुठीत गच्च आवळला. ती त्या मुठीकडे एकटक बघू लागली. फूट रे, एकडाव फूट, असं तो मनातल्या मनात विनवत होता. तळव्याला घाम सुटला.

त्यानं मूठ उघडली. तुकडा जसाच्या तसा होता.