सारजाबाईंचं वकीलपत्र

रामहरींनी कागदावर ‘शिफारस करण्यात येते’ असं लिहिलं, खाली सही ठोकली आणि पुढच्या कागदासाठी हात पसरला.

“आवं वकीलसाहेब, वाचा की जरा,” टेबलापलीकडून सारजाबाई म्हणाल्या. “वकीलपत्र हाय ते.”

इंदापूरच्या कोर्टासमोरचं रामहरींचं जुनं वकिलीचं ऑफिस रविवारी सकाळपासून माणसांनी भरलं होतं. खासदार होऊन अकरा महिने झाले होते. बदली, रस्ता, दवाखान्यातली खाट, सगळ्यावर तीच एक ओळ. दिल्लीहून पुणं, तिथून बारामतीची सभा; दोन रात्रींची झोप डोळ्यांत साचली होती. पापणी मिटली की भिगवणजवळचं उजनी धरणाचं पाणी दिसे, उन्हाळ्यातलं, न हलणारं. त्या पाण्याखालून कुणीतरी त्यांच्या अशिलांची नावं सावकाश पुकारत असे. एकदा सभागृहात तो पुकारा ऐकून ते उठून उभेही राहिले होते. शेजारच्या सदस्याला वाटलं, यांना बोलायचंय.

त्यांनी कागद जवळ घेतला. नव्या वकिलाच्या जागी स्वरूपाचं नाव होतं. ती पूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकली होती. जुन्या वकिलानं ‘हरकत नाही’ लिहून दिल्याशिवाय तिला उभं राहता येणार नव्हतं.

“मला सोडताय?”

“सात तारखा झाल्या. पुकारा व्हतो, आन तुमी दिल्लीला. उद्या उलटतपास हाय, कुनीतरी नगं का?” सारजाबाईंनी पदर सारखा केला. “तुमी म्होटं झालात, चांगलंच झालं. पन मला शेतात जायाला अजून वढ्यातनंच जावं लागतंय.”

“तुम्ही मला सांगायचं होतं. मी एका शब्दात…”

“कुनाला सांगनार?”

सारजाबाईंनी हनुवटीनं दाराकडे दाखवलं. दारात मल्हार आबा रांग लावत उभे होते. सारजाबाईंचे चुलतदीर, शेळगावातला पक्षाचा मुख्य माणूस. निकालाच्या दिवशी रामहरींना खांद्यावर घेऊन नाचलेले. आठ वर्षांपूर्वी सारजाबाईंच्या शेताची, स्वतःच्या विहिरीजवळून जाणारी वाट बंद करून, तिथं वाट कधी नव्हतीच, असं कोर्टाला सांगणारेही तेच. रामहरींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असलेल्या गोष्टीही अलीकडे पाण्याखाली जात.

“काय वैनी,” आबा तिथूनच ओरडले, “रांग सोडून आत घेतलं का न्हाय तुमाला?”

“घेतलं की भावजी. शेतात बी आसंच घ्या.”

माणसं हसली. आबा सगळ्यात मोठ्यानं हसले आणि टेबलापाशी आले.

“घरातलं हाय साहेब. एवढी झेडपीची निवडणूक होऊ द्या, मिटवू बसून.”

“गेल्या निवडणुकीला बी हेच बोल्ला व्हता,” सारजाबाई म्हणाल्या.

रामहरींनी शिफारशीची ओळ खोडली. ‘हरकत नाही’ लिहिलं, सही केली, आणि खाली सवयीनं आलेला ‘खासदार’ खोडून ‘वकील’ लिहिलं. सारजाबाईंनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. काम झालं होतं. त्या उठू लागल्या.

“थांबा,” रामहरी म्हणाले. “आबा, एक कोरा कागद द्या.”

आबांनी तत्परतेनं दिला. पंख्यानं तो फडफडू लागला, तेव्हा कोपऱ्यावर बोट दाबून धरलाही. रामहरी लिहू लागले. अक्षर बारीक, जुनं, घाई नसलेलं. बाहेरचा गलका कुठंतरी लांब गेला.

‘स्वरूपा, प्रतिवादीस विचारणे. एक, तुमची विहीर कोणत्या साली खोदली? दोन, खोदायला मशीन आणलं होतं का? तीन, ते मशीन कोणत्या वाटेनं आत आलं?’

आबा वाकून वाचत होते. तिसऱ्या प्रश्नापाशी त्यांचं बोट कागदावरून उचललं गेलं.

रामहरींनी डाव्या तळव्यानं कागद दाबून धरला आणि चौथा प्रश्न लिहायला घेतला.