रपट्यापलीकडची सायकल

मले बसवत नाई. आता तुम्ही म्हणसान, यात सांगण्यासारखं काय आहे? पण माह्या सगळ्या भानगडीचं मूळ तेच, म्हणून आधी सांगून टाकलं. माय म्हणे, या पत्रूच्या पायाले देवानं भिंगरीच बांधून धाडलं. जेवाले बसलो तरी एक मांडी हालत राहे. खळ्यात धान चुराले बैल गोल फिरत, त मी त्यांच्या मागं मागं उगाच फिरत होतो. हाकलाले दुसरा माणूस होता, पण मले उभं राहणं जमे तवा ना.

माहा बा मुखरू, गरीब गाईसारखा माणूस. पण सत्तावन सालच्या दिवाळीत त्याचंही डोकं सटकलं. धानाच्या बांधीत माहं ध्यान नाई, सातवीपासून शाळा सुटलेली, दिवसभर गावातून या टोकाचं त्या टोकाले. त्यानं फैसला सुनवला. होळीपर्यंत कुठं चिकटलास त ठीक, नाई त आरमोरीले गुणवंतराव मामाच्या कपड्याच्या दुकानात गादीवर बसाचं.

मामा वाईट नाई हो. देवमाणूस. पण ती गादी! सकाळी आठले मांडी घालाची ते दिवे लागेपर्यंत. हातात गज, समोर मांजरपाटाचे गठ्ठे. मी एका वक्ती दोन घंटे बसलो होतो तिथी, त पायाले मुंग्या आल्या अन् डोक्यात भणभण सुरू झाली. जन्मभर असं बसाचं म्हटल्यावर मले जेवण गोड लागेना.

अन् त्याच आठवड्यात खबर आली, रेंजर साहेबाले एक नाकेदार पाह्यजे. नाकेदार म्हणजे जंगलाचा राखणदार. दिवसभर आपल्या बीटात, नेमलेल्या हद्दीत, फिराचं, झाडं पाहाचे, अन् फिराचाच पगार घ्याचा. अशी नोकरी जगात आहे हेच मले माहीत नव्हतं. फिराचा पगार, बाप्पा! फागुन महिन्यात परीक्षा होती. आठ मैल सायकलवर अन् आठ मैल पायी धावत, दोन्हीचा वेळ मिळवाचा, ज्याचा कमी त्याले नोकरी. जागा एकच.

सायकल मामानं दिलेली होती माह्याजवळ, जुनी, काळी, पुढचा मडगार्ड गायब. गावात दुसरी नव्हती. मले वाटलं, झालं माहं काम.

दुसऱ्याच दिवशी जंगू दारात उभा. जंगू म्हणजे बुधूबाबाचा पोट्टा, आमच्या गावापासून चार मैल आत जंगलात त्यांचा टोला, आठ-दहा झोपड्यांचा. चौथीपर्यंत आम्ही एकाच पट्टीवर बसलो. तो रोज आठ मैल जाऊन-येऊन करे, अन् तरी वर्गात सगळ्यात जास्त बडबड त्याचीच. तोंडाले लगाम कसा तो नाई. म्हणे, तुह्यापाशी सायकल आहे अन् मले धावता येते, दोघं मिळून तयारी करू. मी म्हटलं, लेका, जागा एक आहे. त म्हणे, म्हणूनच त आलो, एकटा धावशील त आळस करशील.

खरं सांगतो, मले तो आवडे. म्हणून हो म्हटलं.

आमची रीत अशी होती. सकाळी उजाडलं की गावातून आरमोरीच्या मुरमाच्या रस्त्यानं सहा मैल जाचं अन् परत याचं. सायकल एक, माणसं दोन. मी सायकलवर निघत होतो, तो मागून धावत. मैलभरावर मोहाचं झाड होतं. तिथी मी उतराचं, सायकल झाडाले टेकवून ठेवाची अन् पुढं धावत सुटाचं. जंगू धावत मोहापाशी येई, सायकल उचले, मले मागं टाकून नाल्यावरच्या दगडी रपट्यापर्यंत जाई, तिथी ठेवे अन् पुढं धावे. मग मी रपट्यावरून सायकल घ्याची ते तलावाच्या पाळीपर्यंत. असं आलटूनपालटून. कोणी थांबाचं नाई, कोणी कोणाची वाट पाहाची नाई. रस्त्यात वाट पाहे ती फक्त सायकल.

पहिला महिना मजेत गेला. जंगूले सायकल येत नव्हती, त तो दोन वेळा सायकलसगट लाखोरीच्या वावरात शिरला अन् वर येऊन म्हणे, बैलापेक्षा आडमुठी आहे ही. पण पंधरा दिवसांत शिकला. धावण्यात मात्र तो माहा गुरू. अनवाणी धावे, पावलाचा आवाज नाई, दम लागलेला कळे नाई, अन् धावता धावता गोष्टी सांगे. मले दोन मैलांत पोटात कळ येई. तो म्हणे, नाकानं दम घे, खांदे सोड, अन् डोळे पायात नको ठेवू. त्याचं ऐकलं अन् माही कळ खरंच उशिरा याले लागली. तीन मैल, मग चार.

एक दिवस पाळीवर आम्ही दोघं आंबील पीत बसलो होतो. तो बसला होता, मी उभा होतो म्हणा. तेव्हा मी विचारलं, तुले काऊन पाह्यजे बे ही नोकरी? त्यानं आंबिलीचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणे, जंगलात साहेब लोकांचा मुक्काम पडला की माहा बाप त्यांच्या सामानाची कावड खांद्यावर घेऊन मागं मागं चालते. वाट बापाले माहीत, पण समोर दुसरा चालते अन् बाप मागं. मले समोर चालाचं आहे. एवढंच.

मले चटका लागला. पण चटका लागून माणूस सुधरतेच असं नाई.

पूस महिन्यात मी मामाचं खिशातलं घड्याळ मागून आणलं अन् आम्ही हिसाब केला. सायकलवर मी अठ्ठेचाळीस मिनिटं, जंगू अठ्ठावन. धावण्यात जंगू एक घंटा पाच मिनिटं, मी एक घंटा वीस. मिळवून पाहा. मी पाच मिनिटं मागं होतो. पाचच मिनिटं, पण मले डोळ्यांसमोर ती गादी दिसाले लागली. दोन दिवस मी घरात येरझारा मारल्या. मायनं विचारलं, काय हरवलं रे? मी तिच्यावरच खेकसलो.

तिसऱ्या दिवशी मी मोहापाशी थांबलो नाई. पाय थांबलेच नाई, असं सांगितलं असतं, पण खोटं कशाले बोलू? मीच नाई थांबवले. सायकल दामटली ते थेट रपट्यापलीकडं नेऊन ठेवली. मनात हिसाब असा, की जंगूले सायकलचा सराव कमी मिळन, तो अठ्ठावनच्या खाली येणार नाई, अन् जास्त धावून त्याचे पाय थकतीन ते वेगळंच. मी मात्र सायकलवर आणखी तेज होईन. मोठा अक्कलवान मी.

जंगू घामानं भिजून आला. परत येताना म्हणे, आज मोहाचं झाड लांब गेलं वाटते. मी म्हटलं, ब्रेक लागला नाई, उतार होता. तो हसला अन् दुसरी गोष्ट सांगाले लागला.

मग काय, रोजच ब्रेक लागेना. रपट्यापलीकडून पाळीपर्यंत, पाळीवरून आणखी पुढं. त्याच्या वाट्याचा टप्पा तो जिथल्या तिथी ठेवे, माहा रोज वाढे. माघ लागला तोवर सहा मैलांतले साडेचार मैल सायकल माह्याच बुडाखाली होती. अन् त्यावरही कडी केली मी. सायकल ठेवली की धावत नव्हतो, आरामात चालत होतो. मागून तिचा खडखडाट ऐकू आला की धावाले सुरुवात करत होतो, जंगू बाजूनं गेला की पुन्हा चाल. त्याले वाटावं, पत्रू मेहनत करून राह्यला.

लाज वाटत होती का? वाटत होती. त्याची माय सोमारी कधी वाळली मोहफुलं, कधी चारं, म्हणजे चारोळ्या, पुडीत बांधून धाडे, पत्रूले दे म्हणून. ते चारं मी न खाता मायच्या हवाली करे. पण बसाची भीती लाजेहून मोठी होती. जंगू एक दिवस तरी विचारन, भांडन, शिव्या देईन, याची मी वाट पाहत होतो. भांडला असता त बरं झालं असतं. तो विचारेच ना. रोज येई, धावे, हसे, बडबड करे, टोल्यावर जाई.

फागुनात परीक्षा झाली. रेंज हापिसाच्या आवारात आम्ही अकरा जण. आधी सायकल होती, हापिसाच्या चांगल्या सायकली, चैनीले तेल घातलेल्या. मी चव्वेचाळीस मिनिटांत परत आलो. अकरांत पहिला. साहेबानं घड्याळ पाहून मान हलवली. जंगू एकोणसाठ मिनिटांत आला, घामाघूम. पंधरा मिनिटं पुढं होतो मी. छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटते का काय असं वाटलं.

मग धाव. पहिले दोन मैल मी उडालो. तिसऱ्या मैलात जुनी कळ आली. नाकानं दम घेतला, खांदे सोडले, काही उपयोग नाई. पायांत कोणी वाळू भरावी तसे ते जड झाले. चौथ्या मैलावर वळाचं होतं, तिथून जंगू परत येताना दिसला. पावलाचा आवाज नाई. बाजूनं जाताना त्यानं माह्याकडं पाह्यलंही नाई. पाचव्या मैलात मी मैलाच्या दगडावर बसलो. ज्याले कधी बसवलं नाई तो भर रस्त्यात, भर परीक्षेत बसला, अन् उठवेना त्याले. मग उठलो, चालत, थोडं धावत, पोहोचलो कसा तरी. एक घंटा बेचाळीस मिनिटं. जंगूले एक घंटा एक मिनिट लागला होता.

नोकरी जंगूले भेटली. बरोबरच होतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी बानं माहं गाठोडं बैलबंडीत टाकलं. 

आता गादीवर आहे मी. महिनाभर मांडी बदलत बसलो. मामा म्हणे, हळूहळू जमते. मले मात्र एकच गोष्ट खात होती. नोकरी गेली ती गेली, पण जंगू मले दोस्त समजून राह्यला अन् त्याले काही ठाऊकच नाई. कोणाले तरी सांगितल्याशिवाय हे पोटात राहणार नाई, असं झालं होतं.

चैतात एका बाजाराच्या दिवशी दुपारी तोच आला. खाकी सदरा, खाकी हाफपॅंट, अन् सरकारी बूट लेसानं बांधून गळ्यात लटकवलेले. मामा उठून म्हणाले, या नाकेदारसाहेब. जंगूले हसू आवरेना. बापासाठी सदऱ्याचं कापड पाह्यजे म्हणे, तीन गज, चांगलं जाड. मग बडबड सुरू केली, बीट किती मोठं आहे, अस्वलीण कुठी पिलं घेऊन फिरते, बूट कसे चावतात. मी कापड मोजत होतो. दुसऱ्या गजाले मले राहवलं नाई.

म्हटलं, "जंगू, मी मुद्दाम थांबत नव्हतो मोहापाशी. ब्रेक बराबर होता."

"माहीत आहे," तो म्हणाला.

माहा हात तिथीच राह्यला. त्यानं मग सगळं सांगतलं, अगदी थंडपणे, जसा बीटातल्या जनावराचा माग सांगावा. म्हणे, सायकलच्या चाकाचा पट्टा धुळीत कुठवर गेला, तू कुठी उतरला, ते त दिसेच. त्याच्यापुढं तुही पावलं. धावणाऱ्याचा चवडा रुतते, चालणाऱ्याची टाच. तुही टाच रुते. अन् मी जवळ आलो की शेवटच्या शे-दोनशे हातांत चवडे सुरू होत. पहिल्या दिवसापासून. आमच्या टोल्यावरच्या पाच वर्षांच्या पोरालेही समजलं असतं.

म्हणजे मी रोज रस्त्यावर माही चोरी उमटवत गेलो, अन् मागून येणारा ती वाचत आला. अन् मी त्याच्यापुढं धावण्याचं सोंग करत होतो. माह्या कानशिलांतून वाफ निघाली. लाज होती, पण रागही होता, खोटं कशाले सांगू.

"मग बोलला काऊन नाई बे? सायकल माही होती म्हणून?"

"ते त होतंच." त्यानं कापडाचं टोक बोटांत धरून जाडी पाह्यली. हसणं गेलं होतं तोंडावरचं. "पण पाच मिनिटं होती आपल्यात, पत्रू. अन् तू धावाले शिकून राह्यला होता. मी बोललो असतो त तू धावला असता, अन् ती पाच मिनिटं भरून निघाली असती."

मी कात्री घेतली. कापड तिरपं कापलं गेलं, त मामांनी तिथूनच हाक मारली, ध्यान कुठी आहे तुहं. जंगू म्हणाला, राहू द्या, बापाले चालन. गुंडाळी काखेत मारली, बाहेरच्या पायरीवर थोडा थांबला, अन् येतो बे म्हणून बाजाराकडं वळला.

मले उठून त्याच्या मागं जाचं होतं. काय बोलणार होतो माहीत नाई, पण जाचं होतं. गादीसमोर दोन बाया बसल्या होत्या. मामा म्हणाले, पत्रू, यायले लुगडी दाखव. मी मांडी सारखी केली अन् गठ्ठा सोडला.