शिक्का शाबूत

आर्वीच्या बाजारात माझं कापडाचं दुकान आहे. कापडवाल्याच्या डोळ्याला एक वाईट खोड असते. गिऱ्हाईक थान उलगडायला सांगायच्या आतच तो त्याचं माप घेऊन मोकळा होतो. गावातल्या प्रत्येकाचं एक खातं माझ्या मनात उघडलेलं असे, एका अंगाला जमा, एका अंगाला नावे. केशवबाबूंच्या जमेला हुशारी होती, चिकाटी होती. नावे टाकायला एकच गोष्ट: हा माणूस बोलताना समोरच्याकडे कधी बघत नसे. डोळे सदा हातातल्या वस्तूवर. त्यांच्या बायकोच्या, प्रमिलाबाईंच्या नावे मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून गर्व लिहून ठेवला होता. बाई एका खाजगी शाळेत दुसरीचा वर्ग घेत. बाजारातून जाताना मागून कोणी हाक मारली तर वळून म्हणून बघत नसत.

ही नोंद साफ चुकली होती. बाईंना ऐकू कमी येत होतं. आम्हाला हे नंतर कळलं, पण तुमच्यापासून झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. कान बऱ्याच दिवसांपासून जात चालले होते, आणि बाईंनी ते ना घरात कळू दिलं, ना दारात. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवायची आणि कळलं नाही की ‘हो’ म्हणायचं, यावर त्या निभावून नेत होत्या. सगळी धडपड त्या वर्गासाठी होती. शाळा सुटायच्या आधी दुसरीची पोरं एका सुरात पाढे म्हणत, आणि त्या कालव्यातून चुकलेलं पोर बाई नेमकं हुडकून काढत, अशी त्यांची ख्याती. ख्याती जुनी होती, तिच्यावर अजून चालत होतं. पण ऐकू येत नाही हे शाळेला कळलं की वर्ग गेला, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालातली. केशवबाबू सरकारी कचेरीत कारकून, पण जीव सगळा डायोड-ट्रान्झिस्टरमध्ये; गावातला कुठलाही माइक खरखरला की दुरुस्तीला त्यांच्याकडेच येई. दिल्लीहून, मुंबईहून टपालानं सामान मागवायचे. कापडात शिवलेली, लाखेचे शिक्के मारलेली पार्सलं यायची. माझ्या दुकानासमोर प्रफुलची केबलची खोली होती. रविवारी सकाळी पिक्चर लावायच्या आधी अर्धा तास मोकळा असायचा, आणि लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा बिनकामाचा पडलेला असायचा. प्रफुलनं केशवबाबूंना पकडलं. “बाबूजी, तुम्ही पार्सल खोलाल, मी शूटिंग करीन. पब्लिकले बंद डब्ब्याचं लई आकर्षण राह्यते.” कार्यक्रमाचं नाव ठेवलं ‘उघडून पाहू’. शनिवारी केशवबाबूंच्या घरी शूटिंग, रविवारी केबलवर.

पोरगा खरं बोलला होता. कोणाच्या घरी टपालानं काय आलं हे कळण्यासाठी आर्वीत लोकांना पूर्वी कितीतरी खटपट करावी लागे. आता एक माणूस आपण होऊन, कॅमेऱ्यासमोर पार्सल फोडत होता! रविवारी माझ्या दुकानाच्या पायरीवर गर्दी होई. आत टीव्ही माझा, प्रतिक्रिया पब्लिकच्या. केशवबाबू टाळी वाजवली की लागणारा दिवा दाखवत, टाकी भरली की ओरडणारी घंटी दाखवत, आणि कुठली तार कुठे जाते ते जीव ओतून सांगत. तारेकडे कोणाचं लक्ष? शेजारच्या ओट्यावर बांगड्या विकणारी पंचफुला म्हणे, “पडदा कवाचा धुतला नाई त्यायनं.” कोणी म्हणे, “कॅलेंडर पाहा, मागच्या महिन्याचं पान अजून फाडलं नाई.” मग समोरच्या केबलच्या खोलीत फोन खणखणे, आणि प्रफुल खिडकीतून ओरडून मला सांगे, “मोतीशेठ, गुरूवाडीतून फोन हाय! विचारून राह्यले, बाबूजीच्या शर्टाची बटन काऊन तुटली?”

सगळ्यात जास्त फोन चहावर येत. केशवबाबू सोल्डरिंग करता करता, मान वर न करता हाक मारत, “अगं, चहा.” काही होत नसे. पुन्हा, “अगं, चहा आण.” पायरीवर हशा. तिसऱ्या हाकेनंतर कधीतरी हिरव्या बांगड्यांचा हात कप ठेवून जाई.

“बाई मास्तरीण हाय ना,” पंचफुला म्हणे, “नवऱ्यालेबी बाकावर उभा करते.”

आम्ही हसलो. नावे अजून एक आकडा वाढला.

मग बापूजींनी ती शिवण पाहिली. बापूजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, आता पकडायला कोणी उरलं नव्हतं. एका रविवारी पार्सल दिसताच ते पायरीवरून उठले आणि तरातरा प्रफुलच्या खोलीत गेले. फोनवरही विश्वास नव्हता त्यांचा.

“एका बाजूची शिवण पांढऱ्या दोऱ्यानं, दुसऱ्या बाजूची निळ्या. हे पार्सल घरी फोडून पुन्हा शिवलंय. लोकांना काय मूर्ख समजता?”

खरं तर ते टपालातच उसवलं होतं आणि केशवबाबूंनी आतलं सामान सांडू नये म्हणून टाके घातले होते. पण तोवर बोभाटा झाला. कोणी म्हणे रिकामे डबे भरतो, कोणी म्हणे दिल्ली-बिल्ली काही नाही, सगळं वर्ध्याहून आणतो. केशवबाबू बिचारे सरळ माणूस, पार दुखावले. त्यांनी नवीन नियम केला: यापुढे पार्सल घरी येणारच नाही. पोस्टमन प्रेमदास ते पोस्टातून थेट केबलच्या खोलीत देईल, कुलपात राहील, आणि रविवारी सकाळी कॅमेरा सुरू झाल्यावर, सगळ्यांच्या देखत, प्रेमदासच शिक्के दाखवील. शूटिंग थेट. बापूजी हजर.

आता ह्या नियमाची घरी कल्पना दिली होती का? दिली होती. संध्याकाळी, टेबलाशी बसून, पाठ दाराकडे, डोळे तारेवर. “बरं का, यापुढे माझ्या नावाचं पार्सल घरी येणार नाही. प्रेमदास सरळ प्रफुलकडे देईल.” मागे प्रमिलाबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी ‘हो’ म्हटलं.

त्याच्या आधीच बाई एकदा बहिणीकडे जाते म्हणून एसटीनं निघाल्या होत्या आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. तिथे कानाची तपासणी झाली, कानात काहीतरी मऊ भरून साचा काढला, आणि मशीन नागपूरहून पार्सलनं घरी येईल असं ठरलं. बाईंनी ते नवऱ्याच्या नावानं मागवलं. हिशेब बरोबर होता. त्या घरी त्या नावाचं पार्सल आलं तर कुत्रंही भुंकणार नाही. शाळा सकाळची, पोस्टमन दुपारचा, नवरा कचेरीत. केसांखाली मशीन झाकलं की झालं. पुन्हा पाढे ऐकू येतील, आणि मधे काय होऊन गेलं ते कोणाला कळायचंही नाही.

त्या रविवारी पायरीवर बसायला जागा नव्हती. टीव्हीवर प्रेमदास खाकी कपड्यांना इस्त्री करून उभा होता. त्यानं पार्सल चारी बाजूंनी फिरवलं आणि कोर्टात साक्ष द्यावी तसा बोलला, “शिक्का शाबूत हाय.” बापूजींनी चष्मा पुसून पाहिलं आणि मान डोलावली. केशवबाबूंचा चेहरा कसा उजळला! माणसाची गेलेली पत चारचौघांत परत मिळाली की तो असाच दिसतो.

“नागपूरहून आलंय,” ते म्हणाले. “मी तर नागपूरला काही मागवलं नव्हतं. कोण्या कंपनीनं नमुना पाठवला असेल. कार्यक्रमाचं नाव तिथवर गेलेलं दिसतंय.”

कात्री चालली. कापड, पुठ्ठा, कापूस. आतून निघालं एक वाकडं, कातडीच्या रंगाचं, बोटाच्या पेराएवढं यंत्र.

“कानाचं मशीन!” केशवबाबू हरखले. “मंडळी, हे बघा. एवढ्याशात माइक आहे, अॅम्प्लिफायर आहे, स्पीकर आहे. आणि हा साचा, कानात बसवायचा.” त्यांनी तो आपल्या कानात घालून पाहिला. बसेना. “माझ्या कानाला लहान होतोय. बारीक कानाचं माप आहे.”

“बाईमानसाचा कान हाय तो,” पंचफुला पायरीवरून म्हणाली. ह्या वेळी ती हसत नव्हती. “मी डूल घालून देतो ना बायकायले. कान मले समजते.”

तिकडे टीव्हीवर केशवबाबूंनी बारीक पेचकस काढला होता. आत काय आहे हे दाखवल्याशिवाय त्यांचा कार्यक्रम पुरा होतच नसे. झाकण निघालं. चिमट्यानं त्यांनी केसाहून बारीक तार वर उचलली, कॅमेऱ्याच्या जवळ नेली आणि म्हणाले, “ही बघा कारागिरी.” तेवढ्यात ती तुटली.

“जाऊ द्या, नमुनाच आहे,” ते म्हणाले.

प्रेमदास अजून बाजूलाच उभा होता. त्याला कॅमेऱ्यासमोर अजून काही बोलायचं होतं, माणसाला वाटतंच. “बाबूजी, बाईसायबबी विचारत होत्या ना काल. पार्सल आलं का म्हणून.”

केशवबाबूंनी पहिल्यांदा मान वर केली. “कोण?”

“आपल्या बाईसायब. दारातच उभ्या होत्या. मी सायकलवरूनच सांगतलं, प्रफुलभाऊकडे टाकलं म्हणून. हो म्हणाल्या त्या.”

केशवबाबू प्रेमदासकडे बघत राहिले. मग हातातल्या साच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसत गेली ती आम्ही पाहिली, कारण आमच्याही मनात त्याच गोष्टी त्याच क्रमानं बसत होत्या. तीन-तीन हाका. न वळणारी मान. प्रत्येक गोष्टीला ‘हो’. आम्ही ज्याला गर्व म्हणून नावे टाकत आलो, तो आकडाच नव्हता.

त्यांनी टेबलावरचे तुकडे ओंजळीत गोळा केले. कॅमेरा बंद करायचं प्रफुलला सुचलं नाही. टीव्हीवर नुसतं रिकामं टेबल आणि मागची भिंत दिसत राहिली, आणि बापूजींचा अर्धा खांदा.

समोरच्या खोलीतला फोन वाजला नाही. दर रविवारी ज्यानं डोकं उठवलं होतं तो फोन मुका बसला. पायरीवरची माणसं एकमेकांकडे न बघता उठून गेली. पंचफुलानं ओट्यावरच्या बांगड्या उगाच झाकल्या आणि पुन्हा उघडल्या.

घरी बाईंचाही टीव्ही लावलेला होता. ऐकू येत नसलं तरी दिसत होतं. केशवबाबू घरी पोचले तेव्हा चहाचा कप टेबलावर ठेवलेला होता, हाक न मारता. हे त्यांनीच मला पुढे कधीतरी सांगितलं. “मोतीशेठ,” ते म्हणाले, “गावातल्या सगळ्या माइकची खरखर मी काढली. घरात मी जे बोलत होतो ते पोचतंय का, हे कधी पाहिलंच नाही.” मी थान गुंडाळत राहिलो.

त्यांनी ती तार जोडायचा प्रयत्न केला. पण त्यांच्या सोल्डरिंगचं टोक त्या तारेपुढे म्हणजे सुईपुढे पहार. मशीन परत नागपूरला गेलं. ‘उघडून पाहू’ पुन्हा झालं नाही. प्रफुलनं त्या वेळात भक्तिगीतं लावली.

लोकांना वाईट वाटलं, हे खरं. पण आर्वीची माणसं वाईट वाटलं की गप्प बसत नाहीत, मदतीला धावतात. आता बाजारात बाई दिसल्या की जो तो ओरडून बोलू लागला. “बाईईई! कशाऽऽ आहाऽऽत!” तोंडं अशी वासायची की ओठांची नेहमीची ठेवण मोडून जाई, आणि बाईंना आधी जे ओठांवरून कळत होतं तेही कळेनासं झालं. माझ्या दुकानात एकदा चौघं मिळून त्यांना साडीचा रंग ओरडून सांगत होते. बाई सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “हळू बोला हो. हळू बोललं की मले समजते.” आम्ही सगळे एकदम गप्प झालो. त्यांना काय, आमचं ओरडणं आणि गप्प बसणं, दोन्ही सारखंच.

शाळेच्या मुख्याध्यापिका कमलाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी प्रमिलाबाईंना काढलं नाही. समोर बसवून, अगदी सावकाश, गोड बोलून सांगितलं, “बाई, आता तुम्ही वाचनालय पाहा. आराम होईल.” वाचनालय म्हणजे एक कपाट. दुसरीचा वर्ग एका नव्या मुलीला दिला.

मशीन दुरुस्त होऊन आलं तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. प्रेमदासनं सायकल लावली, घराची कडी वाजवली नाही, खिडकीसमोर जाऊन उभा राहिला, बाईंची नजर वळेपर्यंत. मग पार्सल त्यांच्या हातात दिलं. केशवबाबू घरातच होते, पण अंगणात गेले. बाईंनी दार लावून घेतलं. ते पार्सल कसं उघडलं गेलं ते गावात कोणी पाहिलं नाही.

माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत ती शाळा आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाई वाचनालयाचं कपाट लावून लवकर निघाल्या होत्या, आणि दोघं नवरा-बायको गल्लीतून जात होते. केशवबाबू आता पुढे चालत नसत, बाजूनं चालत, आणि बोलायचं झालं तर थांबून, तोंड बाईंकडे करून बोलत. उशिराची गोष्ट, पण जमेला टाकावी लागते. शाळा सुटायची वेळ होती. दुसरीची पोरं घसा फोडून पाढे म्हणत होती. सात सक बेचाळीस, साती साती एकोणपन्नास. “सात आठी चोपन्न,” एका कोपऱ्यातून आलं, आणि बाकीच्यांच्या ‘छप्पन्न’मध्ये ते बुडून गेलं. मला मागच्या दारात ऐकू आलं. नव्या मुलीला नाही.

प्रमिलाबाई थबकल्या. हात केसांखाली कानाशी गेला. त्या भिंतीकडे, त्या नेमक्या कोपऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. ओठ हलले. शब्द मला ऐकू आला नाही, पण इतक्या दिवसांत मलाही ओठ वाचता येऊ लागले होते. आत पोरं सात दाहे सत्तरवर पोचली आणि सुटल्याची घंटा झाली.

“काय झालं?” केशवबाबूंनी समोर येऊन, तोंड त्यांच्याकडे करून विचारलं.

“काई नाई,” बाई म्हणाल्या. “चला.”